येतो म्हणावं

आज काय वाटेल ते होवो, तो शब्द म्हणायचाच, असं ठरवून हेरंबने चहाचा कप खाली ठेवला.

घरं विकून देण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. पण दलालीचा नियम बदलला. गिऱ्हाइकाला दिलेला शब्दन्‌शब्द पाळून होईपर्यंत दलाली मिळेना, दुसरं घर दाखवायलाही मनाई. शब्द टिपायला प्रत्येक दारावर यंत्र बसलं. वचन ऐकू आलं की त्याचा लाल दिवा लागायचा.

कुमुदकाकूंना हा फ्लॅट विकताना कबूल केलेलं सगळं त्याने मार्चमध्येच पुरं केलं होतं. मग निघताना सवयीने म्हणाला, “येतो, काकू.” दिवा लागला. परत येणं भाग पडलं. दुसऱ्या दिवशी आला आणि जाताना पुन्हा तेच बोलून बसला. पुढे जपून नुसतं “निघतो” म्हणाला, तर काकूंनीच टोकलं, “येतो म्हणावं रे.” एकट्या बाईचं मन कसं मोडायचं? असे चार महिने गेले.

आता तो उंबऱ्यात उभा राहिला.

“काकू, मी जा—”

काकूंनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“असं अभद्र बोलू नये. हेसुद्धा त्या दिवशी तसंच म्हणून गेले.”

हेरंबने यंत्राकडे पाहिलं, मग काकूंकडे.

“येतो,” तो म्हणाला, आणि दिवा लागला.