वर येणारी चकती

लाकूड कापायच्या बँडसॉच्या टेबलात पात्याभोवती बसवलेली चकती झिजून तिची खाच रुंदावली होती. धाकट्याने दोनदा सांगितलं, तर थोरला म्हणाला, "तिला काय धाड भरलीय?" मग त्या खाचेत फळी अडकली आणि धाकट्याची दोन बोटं गेली. भुशात ती सापडलीच नाहीत.

थोरल्याने आता नवी चकती बसवली. मशीन बंद ठेवूनच फळी सरकवून पाहिली, तर ती चकतीच्या वर आलेल्या कडेला अडली. त्याने चकती खालून घासली, तरी ती पुन्हा वर आली. खाली काहीच नव्हतं. वैतागून त्याने ती अंगठ्याने दाबली.

दारात बसलेला धाकटा बँडेजचा हात पोटाशी धरून कळवळला. "दादा, दाबू नकोस ना. बोटं दुखतात."

थोरल्याने अंगठा काढला. चकती हळूच वर आली आणि धाकट्याने सुस्कारा सोडला.

थोरला त्याच्याकडे बघत राहिला.

"नाटकं बास," म्हणाला, आणि त्याने मशीन सुरू केलं.