पदरचा शब्द

“छत्री खुंटीला लावली, आणि...” एवढं म्हणून बाई थांबल्या.

प्रॉम्प्टरने लगेच तोंड उघडलं नाही. खुर्चीच्या कडेला सरकून त्याने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या नुसता श्वास घेत असतील तर मध्येच बोलणं म्हणजे तोंडचा घास काढण्यासारखं. पण नाही, बाई खरोखरच अडल्या होत्या. मग त्याने हलकेच एक अक्षर सोडलं, “दा...”

“दारातल्या चपला बघून कळलं, तू घरीच आहेस,” बाईंनी वाक्य पुरं केलं.

फक्त पहिलं अक्षर द्यायचं, हा त्याचा जुना शिरस्ता. अख्खं वाक्य हातात ठेवलं की नट ऐतखाऊ होतो, असं तो आयुष्यभर सांगत आला होता. जरा शोधू द्यावं, धडपडू द्यावं. स्वतः शोधून काढलेलं वाक्य पुन्हा सहसा दगा देत नाही.

या वयात आपल्याला पुन्हा बोलावणं आलं, याचंच त्याला अप्रूप वाटे. नाटक दोनच पात्रांचं. तरुणपणी विंगेत उभं राहून त्याने त्याचे इतके प्रयोग काढले होते की पुस्तक उघडायचीही गरज नव्हती. नवऱ्याचं काम करणारा नट अजून उगवला नव्हता, म्हणून त्याची वाक्यंही हाच म्हणायचा. तालमीची जागा ऐसपैस होती. मोठ्या खिडक्यांचं दालन, टेबल, दिवा, भिंतीला खुंटी. बघायला काही म्हातारी मंडळी येऊन बसत आणि त्यातली निम्मी पेंगत. फुकटचे प्रेक्षक असेच असतात, म्हणून तो मनावर घेत नसे.

दिग्दर्शक तरुण होता, खिशाला दोन पेनं लावून यायचा. तालमीआधी तो प्रॉम्प्टरलाच विचारायचा, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं. प्रॉम्प्टर सावध हवा, हे प्रॉम्प्टरलाही पटत होतं. खटकायचं ते एवढंच, की तालीम सुरू झाली की हा गडी नाटक सोडून प्रॉम्प्टरकडेच बघत बसायचा.

बाई मात्र गुणी होत्या. वयाने याच्याच बरोबरीच्या. गालात कायम पेपरमिंटची गोळी. वाक्यं विसरायच्या, पण याला चहात साखर चालत नाही हे कधी विसरल्या नाहीत.

एके दिवशी पॅसेजमधून येताना त्याच्या कानावर दोघांचं बोलणं पडलं. बाई आणखी थोडी मुदत मागत होत्या.

“माझी ना नाही,” दिग्दर्शक म्हणाला. “पण या आठवड्यातही फरक दिसला नाही, तर दुसरी सोय बघावी लागेल.”

म्हणजे बाईंचं काम जाणार. त्याने मनाशी पक्कं केलं, काही झालं तरी या बाईला तारून न्यायचं.

मग त्याने पोतडीतलं सगळं बाहेर काढलं. प्रत्येक वाक्य रंगमंचावरच्या एकेका वस्तूला बांधायचं. खुंटीला हात लावला की छत्रीचं वाक्य, दिव्याला लावला की त्यापुढचं. बसून घोकायचं नाही, चालत म्हणायचं. अडलं तर चालीवर गुणगुणायचं. दुपारी डोळा लागू द्यायचा, झोपेत पाठांतर मुरतं. बाई निमूटपणे सगळं करत. एकच हट्ट धरत, की एकटीला कंटाळा येतो, तुम्हीही बरोबर चला. तोही चालायचा, खुंटीला हात लावायचा.

आणि काय सांगावं, जादूच ती. बाईंचा हात दिव्याला लागायचा आणि हरवलेलं वाक्य अख्खंच्या अख्खं परत यायचं. इतकी वर्षं या धंद्यात काढून त्याने असं पाहिलं नव्हतं. त्याहून नवल म्हणजे, खुंटीला हात लावताना त्यालाही भलतंच काही दिसायचं. ओली छत्री. लाकडी जिना. निळं दार. कुणाचं दार, कोण जाणे. पण छाती भरून यायची. विसरलेलं कुठे जात नाही तर, असं त्याला वाटायचं, फक्त तिथवरच्या वाटेवर गवत माजतं.

एका गोष्टीचा उलगडा मात्र होत नव्हता. विसरणारा माणूस त्याच त्याच जागी अडतो. बाई रोज नव्या जागी अडायच्या.

आठवडा संपला. दिग्दर्शक मांडीवर पुस्तक उघडून बसला. बाई दारातून आल्या, छत्री खुंटीला लावली, चपलांचं वाक्य आलं, दिव्याचं आलं, कुठे म्हणून अडखळल्या नाहीत. प्रॉम्प्टरचा ऊर भरून आला. जिंकली पोरगी, तो मनात म्हणाला.

त्या टेबलापाशी आल्या. गोळी या गालातून त्या गालात गेली.

“इतक्या दिवसांनी आले,” त्या म्हणाल्या. “हाक तरी मार.”

यावर नवऱ्याचं वाक्य होतं, ‘बस. दमली असशील.’ झोपेतून उठवलं तरी त्याने ते म्हटलं असतं. त्याने टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

“बस, खारूताई. दमली असशील.”

दिग्दर्शकाने पुस्तकाचं पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. प्रॉम्प्टरचे कान तापले. पुस्तकात नसलेला शब्द घालायचा, त्याच्या धंद्यात याहून मोठं पाप नव्हतं.

“चुकलं,” तो दिग्दर्शकापुढे हात जोडून म्हणाला. “पदरचा शब्द घातला मी. कुठून आला, देव जाणे. पण चूक माझी आहे. बाईंचं काम काढून घेऊ नका.”

दिग्दर्शकाने चष्मा काढला आणि तो पुसतच राहिला. बाई टेबलाला धरून उभ्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या कळत नव्हतं. मग त्या दिग्दर्शकाकडे वळल्या.

“डॉक्टर, लग्नाला महिना व्हायच्या आत यांनी मला ठेवलेलं नाव आहे हे.”