उजवीकडचा बाण

"घ्या! पुन्हा भिंतीकडेच!" आईने हातातली वाटी टेबलावर आपटली.

लेकीने बाबांच्या पाठीला उशी लावली. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती, अंग वळत नव्हतं. मानेखाली चालत होता फक्त डावा हात. खूण करायची तर तोही थरथरायचा, रोख कुणाकडे ते कळायचं नाही. म्हणून लेकीने टॅबवर बाण करून दिले होते. वरचा म्हणजे उशी उंच करा, खालचा म्हणजे उशी काढा, उजवा-डावा म्हणजे त्या कुशीवर वळवा. पण बाईसाहेब पडल्या डिझायनर! साधा बाण चालतोय कशाला? बारीक, जाड, पोकळ, दुहेरी, वळणदार अशी सगळी चिन्हं धुंडाळली, टोकाचा कोन मनासारखा जमला, तेव्हा कुठे त्यांना घास गोड लागला.

बाबांनी बाण दाबला की तो पडदाभर मोठा व्हायचा. मग फिरत्या स्टँडवरचा टॅब वळवून ते पायथ्याशी उभ्या लेकीला दाखवायचे. ती बाण दाखवेल तिकडे त्यांना वळवायची. आणि सकाळपासून दर वेळी भिंतच.

"माझं तोंडसुद्धा बघायचं नाहीये यांना," बाबांच्या उजव्या हाताला बसलेली आई म्हणाली. "काय चुकलं माझं, तेवढं तरी दाखवा म्हणावं त्या बाणाने."

"काहीतरीच काय गं आई!" लेक म्हणाली खरी, पण तिचाही जीव कासावीस झाला. बाबा नुसती मान हलवत होते आणि डोळे मिटून घेत होते. रुसलेच म्हणायचे.

तिने त्यांना परत उताणं केलं. बाणाचा रंग फिका पडत असेल, म्हणून तो गडद करायला ती त्यांच्या उशाशी टेकली, खांद्याला खांदा लावून. बाबांनी लगेच बाण दाबला. टोकाच्या रोखाने बघते तर समोर आई, डोळे पुसत बसलेली.

मग बाबांनी टॅब पायथ्याकडे फिरवला. लेक पुढे वाकली. टोक आता भिंतीकडे!

"अगं बाई! टॅब फिरवला की बाणही उलटा होतोय. सकाळपासून बाबा तुझ्याकडे वळवा म्हणताहेत, आणि मी शहाणी त्यांना भिंत दाखवतेय!"

बाबांनी इतक्या जोरात मान डोलावली की उशीच सरकली. लेकीला हसावं की रडावं कळेना. तिने त्यांना आईच्या बाजूला वळवलं आणि टॅब त्यांच्या हाताशी ठेवला.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?" आई बोलून गेली, आणि स्वतःच हसायला लागली. बाबांचा अर्धा ओठ हसला. आईला तेवढं पुष्कळ झालं.

बाबांनी पुन्हा तोच बाण दाबला.

"अजून? बाबा, आणखी वळवलं तर खाली पडाल!"

त्यांनी परत दाबला. परत दाबला.

"बिघडला वाटतं," म्हणत लेक टॅब उचलायला वाकली.

"राहू दे गं. चांगला चालतोय तो," आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढत आली. अजून थोडी. अजून थोडी. तिचे गुडघे पलंगाला टेकले, तेव्हा कुठे बाबांनी बाणावरचं बोट उचललं.