बाळासोचा होकार

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि पूर्णिमा वाकून बघायला लागली.

"ही तुमची डावी किडनी. बघा, किती सुजलीय."

पूर्णिमाला खरंच वाटेना. ती काही आजारी म्हणून आली नव्हती. आजारी होता तिचा थोरला भाऊ, बाळासो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि डायलिसिसवर दिवस चालले होते. त्याला एक किडनी द्यायची म्हणून तिच्या तपासण्या सुरू होत्या. वर्षभर ती मागं लागली होती, "माझी घे." तो ऐकायला तयार नव्हता. गेल्या महिन्यात मात्र एकाएकी म्हणाला, "बरं, करू तपासणी." तिला केवढं हायसं वाटलं होतं! आज सकाळी म्हशींच्या धारा कशाबशा उरकून तिनं पेठ वडगावातनं एसटी धरली होती.

"गर्भाशयात मोठी गाठ आहे," डॉक्टरबाई सांगत होत्या. "साधीच दिसतेय, कॅन्सरची वाटत नाही. पण किडनीतून लघवी खाली आणणारी जी नळी असते, तिच्यावर ती दाबून बसलीय. त्यामुळं लघवी वरच तुंबते. असं फार थोड्या बायकांना होतं. तुम्हाला काही त्रास नव्हता?"

होता. सारखं लघवीला जावं लागायचं. कंबर भरून यायची. पाळीत अंगावरून इतकं जायचं की चक्कर यायची. पण चाळिशी उलटली की बायकांना हे व्हायचंच, असं धरून ती चालली होती.

"वेळेत आलात. गाठ काढली की किडनी सावरेल. आणखी काही महिने गेले असते, तर ती हातची गेली असती. हळूहळू उजवीवरही आलं असतं."

"मग दादाला कधी द्यायची?"

"द्यायचं विसरा आता. आधी तुमची वाचवू."

"उजवी चांगली हाय न्हवं?" पूर्णिमा कळवळून म्हणाली. "मग ती द्या की त्याला. मी डावीवर भागवीन."

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर बाकावर बाळासो बसला होता. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला. दाराच्या काचेतून त्याच्याकडं बघत ती तशीच उभी राहिली. वर्षभरानं कसाबसा तयार झाला होता. आता त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं पदरानं डोळे पुसले आणि दार ढकललं.

"काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. रिपोर्ट यायचाय अजून."

बाळासोनं तिच्याकडं नीट निरखून बघितलं.

"गाठ निघाली व्हय?"

गाठीचा शब्दही तिनं काढला नव्हता.

"दादा, तुला कुणी सांगितलं?"

"बस खाली." त्यानं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "डायलिसिसला माझ्या बाजूच्या खाटंवर एक बाई असती. तिला आधी तुझ्यासारखंच व्हायचं. सारखं लघवीला उठायचं, कंबर धरायची. लई दुखत न्हाय म्हणून अंगावर काढलं तिनं. गाठीनं दोन्ही किडन्या घालवल्या. तिनं सांगितलं आणि मला तूच दिसायला लागलीस. दाखवून घे, दाखवून घे म्हणून किती येळा सांगितलं तुला? ऐकलंस?"

"पण माझी किडनी घ्यायला तू तयार झालातास की..."

"ती घ्यायची न्हवतीच मला कधी." बाळासो म्हणाला. "स्वतःसाठी तू दवाखान्याची पायरी चढली नसतीस, पूर्णे. माझ्यासाठी म्हटल्यावर पळत आलीस."