दुपारच्या फोटोपर्यंत

“मिचकवा डोळं, काकू,” सुनील म्हणाला.

रंगुबाईनं डोळे मिचकावले. मोबाईलनं तिच्याकडं नीट पाहिलं, थोडा विचार केला आणि तिला ओळखायला नकार दिला.

“अजून एकदा. जरा सावकाश.”

तिनं सावकाश मिचकावले. उभ्या आयुष्यात तिनं कुणाकडं बघून डोळे मिचकावले नव्हते. आता सरकारकडं बघून मिचकावत होती, तर सरकार बघायला तयार नव्हतं.

सुनील हा रोजगार हमीच्या कामावरचा मेट, हजेरी घेणारा. डोंगराच्या उतारावर चर खणायचं काम चाललेलं. सकाळी एक फोटो, दुपारी एक. दोन्ही वेळा चेहरा जुळला तर हजेरी. चर किती खणला, हे मोबाईल विचारत नव्हता. बाकीच्या बायकांचे चेहरे जुळले होते. रंगुबाईचा काल जुळला नव्हता, परवाही नाही. दोन्ही दिवस तिनं चर खणला, आणि चराची काही तक्रार नव्हती.

“आज न्हाई जुळलं तर नाव जाईल, काकू. मी न्हाई काढत. त्यो काढतो.” सुनीलनं मोबाईलकडं बोट केलं. तो तिच्या चुलतदिराचा मुलगा. पण ‘त्यो’ असा म्हणाला, की जणू खिशात बाहेरगावचा साहेब घेऊन फिरतोय.

नाव गेल्यावर काय, ते तिला ठाऊक होतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि मुकादम अर्ध्या कोयत्याच्या दारात थांबतसुद्धा नाही. मग उरली पुणतांब्याची लेक. घराला कुलूप लावायचं, लेकीच्या सासरी जाऊन राहायचं, आणि ताटात दुसरी भाकरी पडायच्या आत ‘पोट भरलं’ म्हणायचं.

“आरं, जुळंल कसं?” कडेला बसलेली आक्काबाई म्हणाली. वयानं सगळ्यांत मोठी, त्यामुळं खणण्यापेक्षा बोलायचं काम तिच्याकडं. “त्या नोंदीच्या जुन्या फोटूत हिच्या कपाळाला रुपयाएवढं कुंकू हाय. हिचा दादला गोरख गेल्यापास्नं कपाळ मोकळं. मोबाईल म्हनत आसंल, ही बाई कोन?”

“कुंकवाचं काय न्हाई, आक्का. त्यो डोळं नि नाक बघतो.”

“मग बघ म्हनावं. डोळं नि नाक हाय तितंच हायेत.”

सुनील बारावीपर्यंत शिकला होता. एवढ्या शिक्षणाच्या जोरावर त्यानं मोबाईलची काच शर्टाला पुसली.

“बरं, कुनीतरी टिकली द्या मग हिला,” तो म्हणाला. “फोटोपुरती.”

आक्काबाई सोडली तर प्रत्येकीच्या कपाळावर टिकली होती. एकीच्या कमरेच्या पिशवीत तर अख्खं पाकीट होतं. पण एकाएकी सगळ्यांना आपापल्या चराची काळजी वाटू लागली. कुणी फावडं उचललं, कुणी रिकामं घमेलं पालथं करून झाडलं. आपली टिकली विधवेला द्यायची म्हणजे... याच्या पुढचं कुणी बोलत नाही. विधवाप्रथा बंद केल्याचा ठराव ग्रामपंचायतीनं मागंच केला होता. ठराव एकमतानं झाला, त्यामुळं तो पाळायची जबाबदारी कुणा एकीवर नव्हती. आक्काबाईनं दिली असती. पण तिचं स्वतःचंच कपाळ वीस वर्षं रिकामं.

रंगुबाई खाली वाकली. तिच्या चरातला मुरूम चांगला तांबडा होता. तिनं चिमूटभर तळहातावर घेतला, बाटलीतल्या पाण्याचा थेंब सोडला, अंगठ्यानं मळला आणि कपाळावर दाबला. आरसा नव्हता. पण लागलं बरोबर मधोमध.

“मिचकवा,” सुनील म्हणाला.

तिनं मिचकावले. हिरवी खूण आली.

कुंकवामुळं आली, की तेवढ्यात ढग बाजूला झाला म्हणून आली, हे त्या मोबाईललाच माहीत. डोंगरावर मात्र निकाल लागला होता. “बघा! म्या काय म्हनलं?” आक्काबाई म्हणाली, आणि दिवसभराचं काम संपवल्यासारखी टेकून बसली.

रंगुबाईनं पुसायला पदर वर नेला.

“आं, आं, काकू! दुपारचा फोटो हाय अजून. तवर ऱ्हाऊ द्या.”

तर ते राहिलं.

बायका तिच्यापासून चार हात लांब खणू लागल्या. जागाच तशी निवडली गेली. जेवायच्या वेळी त्या लिंबाखाली गोलात बसल्या. रंगुबाई बाभळीखाली बसली. तिला जा म्हणून कुणी म्हणालं नव्हतं, ये म्हणूनही नाही. आक्काबाई तंबाखू लावून आडवी झाली होती.

तेवढ्यात एक म्हातारा दोन शेरडं ओढत वर चढून आला. बाहेरगावचा होता. घोडेगावच्या बाजाराला निघालेला, खाली रस्त्यावर टेम्पोची वाट बघून घशाला कोरड पडलेली. बाभळ जवळ, म्हणून त्यानं तिलाच पाणी मागितलं. तिनं बाटली पुढं केली. तो वरून प्याला, मिशा पुसल्या, शेरडांनाही ओंजळभर पाजलं. मग तिच्या कपाळाकडं बघून, चार शब्द बोलावेत म्हणून अदबीनं म्हणाला,

“एकल्याच बसलाव व्हय, बाई? मालक न्हाई आलं कामाव?”

लिंबाखाली कशावरून तरी हसू फुटलं होतं. बाभळीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. रंगुबाईनं सरकून म्हाताऱ्याला सावलीत जागा करून दिली.

“घरी हायेत,” ती म्हणाली. “काल रातीपास्नं कनकन हाय अंगात. भाकरी झाकून ठिवून आले, पन मी नसले की खात न्हाईत बघा.”