पहिला आलेला आवाज

जेवता जेवता अप्पांच्या कानातलं यंत्र वाजलं आणि त्यांनी आमटीची वाटी भिंतीवर भिरकावली. त्यांची सून शाल्मली दचकून उठली. मुलगा घर सोडून गेला तेव्हाही हा माणूस तिच्याच बाजूने उभा राहिला होता, कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता.

वाजलेला आवाज तिचाच होता. नवरा घर सोडून गेला त्या दिवशी तिने संतापून तव्यावर उलथनं आपटलं होतं. तो खणखणाट रेकॉर्ड करून तिने मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या स्पर्धेला मेसेज आल्याचा आवाज म्हणून पाठवला. तो पहिला आला आणि सगळ्यांच्या यंत्रांत बसवला गेला. कानातली ही नवी यंत्रं आवाजासोबत तो करणाऱ्याची भावनाही ऐकणाऱ्याच्या मनात उतरवत. आता मेसेज आला की घरोघरी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती.

तिने स्पर्धेचा आयोजक भार्गव केळुसकर याला फोन लावला.

"माझा आवाज काढून टाका."

"तो आता सगळ्यांचा आहे, मॅडम. पूर्वी लोक मेसेज उघडतच नव्हते. आता एकही जण टाळत नाही."

"लोक एकमेकांची डोकी फोडतायत."

"मेसेज वाचूनच फोडतायत ना?"

"तुमच्या कानात कुठला आवाज आहे?"

"मी जुनाच ठेवलाय," म्हणत त्याने फोन ठेवला.

अप्पा भानावर आले होते. त्यांच्या जाड बोटांना ते बारीक यंत्र निघत नव्हतं.

"तू काढ पोरी, लवकर," म्हणत त्यांनी आधारासाठी तिचं मनगट धरलं.

तिची बोटं त्यांच्या कानापाशी पोचली आणि यंत्र पुन्हा वाजलं. मनगटावरची पकड आवळत गेली.