कळलावीचा कंद

सूर्यमाळजवळच्या पाड्यावरची कोंडीआजी चाळीस वर्षं सुईणपण करत होती. हर्षाली मॅडम जव्हारहून तिच्याकडे तिसऱ्यांदा आल्या होत्या. कळलावीच्या कंदातल्या अल्कलॉइडवर त्यांची पीएचडी चालली होती. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून आजी कंदाचा लेप कसा लावते, हे त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं.

“आणि पोटात दिला तर?” मॅडमनी विचारलं.

“पोटात द्यायचा नाय. बाई मरते.”

“कशावरून सांगता?”

आजीने अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, “माझी लेक, जयवंती. दोन दिवस अडली होती. दवाखान्यात न्यायला जीप वर येईना. लेपानं भागंना, तवा मीच उगाळून पाजला. ओकून ओकून तिसऱ्या दिवशी गेली. मी लोकांना सांगितलं, बाळंतपणात गेली. आज पयल्यांदा कुणाजवळ बोलते.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. आजी हमसून हमसून रडली.

रडणं ओसरल्यावर मॅडमनी हळूच पेन उचललं. “आजी, माणसाला किती कंद बाधतो याची नोंद कुठे मिळतच नाही हो. किती दिला होता? आणि तिचं वजन किती होतं?”

आजीने पदराने डोळे पुसले. “ती अडायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्याच्या आशाताईनं काट्यावर उभी केलती. पण ते वजन पोटातल्यासकट हाय. चालंल का?”